कौसाबाईच्या पाठीमागे

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. पोराला नाही. मुलाखती घेणाऱ्यांना तर नाहीच — त्यांना मी दुसरंच काहीतरी सांगत आले, आणि इतक्या सफाईने की कधीकधी मलाच ते खरं वाटायला लागतं. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा तुम्ही या घडीला माझ्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून. माझं तोंड बघून लोक आधी हसायचे आणि आता रडतात. साधं बोलायची सोय राहिलेली नाही.

तुम्ही मला पडद्यावर पाहिलं असेल. पोर गेलेली आई, वेड लागलेली बहीण, असल्या भूमिका असल्या की मला फोन येतो. एका बक्षिसाच्या वेळी कुणीतरी लिहिलं होतं, की ही बाई स्वतः रडत नाही आणि आपल्याला रडवते. माझ्या सासूने ते कात्रण फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलंय. मी त्या खोलीत फारशी बसत नाही. पाहुणे म्हणतात, किती साधी हो, जराही गर्व नाही.

गर्व. असो.

मी मूळची बल्लारपूरची. बाबा कागद कारखान्यात होते. मी लांबुडकी, दात पुढे, चालले की गुडघे एकमेकांवर आपटायचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी नुसती स्टेजवर आले तरी पोरं हसायला लागायची. वाईट वाटायचं का? नाही हो. मला वाटायचं, चला, आपल्याकडेही काहीतरी आहे. बारावीत आपटले आणि ओळखीने वडशाच्या एका नाटक कंपनीत लागले. आमच्या झाडीपट्टीत धान कापून घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपटात बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या दिवशी गावात नाटक पाहिजेच. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तणसाचा पेंढा अंथरून हजारो माणसं बसतात. दिवाळीपासून होळीपर्यंत आज हे गाव, उद्या ते गाव. नाटकाच्या दोन अंकांमध्ये मागे सेट बदलायचा, आणि तेवढा वेळ पडद्यापुढे गंमत चालायची. ती गंमत म्हणजे आम्ही दोघी — मी आणि कौसाबाई.

कौसाबाई बुटकी, गोल, ब्रह्मपुरीकडच्या एका खेड्यातली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. घरी नवरा, थोडी धानाची शेती, लहानगी पोरगी. पोरीला सासूपाशी ठेवून ती हंगामभर आमच्यासोबत फिरायची. मला मेकअप कसा पुसायचा इथपासून गाडीत कुठल्या बाजूला बसलं की ओकारी येत नाही इथपर्यंत सगळं तिनेच शिकवलं. माझ्या केसांतल्या उवा काढल्यात तिने. हे मी उगीच सांगत नाहीये. तुम्हाला कळायला हवं ती माझी कोण होती.

आमची गाजलेली गंमत कोंबड्याची. कौसाबाईचा कोंबडा चोरीला जातो आणि ती भर अंगणात बसून गळा काढते. मी शेजारीण, तिच्या पाठीमागे उभी. ती रडायला लागली की मी वर आभाळाकडे बघायची, तळहात पसरून थेंब येतात का ते बघायची, आणि मग हळूच सूप उचलून डोक्यावर धरायची — जणू तिच्या रडण्याचा पाऊस लागलाय. बस, एवढंच. तबल्यावर रहीमचाचा एक थाप द्यायचे आणि आख्खी बांधी हसून लोळायची. बायका पदर तोंडात कोंबायच्या. पुढे पुढे तर असं झालं, की कौसाबाईचे ओठ नुसते थरथरले तरी लोक माझ्या हाताकडे बघायला लागायचे.

आणि या धंद्याचा एक नियम आहे. जोडीतल्या पुढच्या बाईने मागे बघायचं नाही. तिने बघितलं, तिला कळलं असं दिसलं, की हसू मेलंच. पुढची खरंखुरं रडते, मागची काय करते ते तिला माहीतच नसतं, यातच सगळी गंमत. कौसाबाईने कधीही, एकदाही मागे वळून बघितलं नाही. नंतर गाडीत विचारायची, "आज का केलं वो निमे तुनं? लय हासले लोकं." मी सांगायची, ती पुन्हा पोट धरून हसायची. म्हणजे कळतंय ना तुम्हाला? तिची पाठ माझ्या स्वाधीन होती.

मग तो हंगाम आला. मालकाने नवीन नाटक बसवायला घेतलं. मोहफुलं वेचायला जंगलात गेलेला एक पोरगा, त्याला वाघ नेतो, आणि घरी त्याची आई. त्या आईचं काम करणारी बाई ऐनवेळी दुसऱ्या कंपनीत गेली. मालक हताश होऊन म्हणाला, कौसाबाई, तू वाचून तर बघ.

तिने वाचलं. मी तिथे होते. तालमीच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये ती मांडी घालून बसली, समोर तांदळाचं ताट घेतलं आणि खडे निवडायला लागली. दोन गडी येऊन बातमी सांगतात. ती उठली नाही. हात थांबले नाहीत. खडे निवडता निवडता तिने विचारलं, "पायात चप्पल होती का जी त्याच्या?" हे वाक्य नाटकात नव्हतं. तिचा थोरला भाऊ असाच मोहफुलांना गेला होता आणि आला नव्हता. तिच्या आईने तेवढंच विचारलं होतं. मग गडी निघून जातात, आणि बऱ्याच वेळाने, ताट अर्धं निवडून झाल्यावर, तिने जे रडणं काढलं — मला नाही सांगता येत. हॉलमध्ये चहा वाटणारा माणूस किटली खाली ठेवून बाहेर निघून गेला.

माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्याच क्षणी, त्याच्या आतच, दुसरं काहीतरी आलं. ही आता वर जाणार. माझं काय? कोंबड्याच्या गमतीत पाठीमागे उभी राहणारी, तिला पुढची नसेल तर ती कोण? नुसतं सूप धरलेली लांबुडकी. आणि त्याहून खरं सांगू? मला ते काम हवं होतं. ते तांदूळ, तो चपलेचा प्रश्न, सगळं मला हवं होतं. मी रात्रंदिवस तिच्या शेजारी झोपायची आणि मनात तिचंच रडणं घोकायची.

मला त्या नाटकात मुकी शेजारीण दिली होती. एक वाक्य नाही. आई खडे निवडते तेव्हा मी मागे खांबाजवळ उभी. गडी गेल्यावर स्टेजवर आम्ही दोघीच.

पहिला प्रयोग सिंदेवाहीच्या पुढच्या एका मोठ्या गावात होता. गर्दी अशी की पोरं झाडांवर. पहिले दोन अंक छान गेले. तो प्रवेश आला. कौसाबाईने चपलेचं विचारलं आणि एवढ्या मोठ्या बांधीत चिटपाखरू हललं नाही. गडी गेले. तिचे हात थांबले. ओठ थरथरले. तोंड उघडलं, आणि तिचं ते रडणं निघालं —

आणि माझा हात गेला. मी वर बघितलं. तळहात पसरला. सूप डोक्यावर धरलं.

रहीमचाचांची थाप सवयीने पडली. मग जो हशा उठला, तसा मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. लोकांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांची लाडकी जोडी होती ती, त्यांना वाटलं आहे गंमत. शिट्ट्या पडल्या. कौसाबाई रडत होती. तिला वाटलं आपण कमी पडतोय, म्हणून ती आणखी जिवाच्या आकांताने रडली. ते आणखी हसले. आणि तिने मागे बघितलं नाही. पडदा पडेपर्यंत बघितलं नाही.

प्रॉम्प्टरचं डोकं वहीत होतं. मालक फाटकावर कुणाशी तरी भांडत होता, त्याने फक्त हशा ऐकला. सकाळी आम्ही दुसऱ्या गावात होतो. हजारो माणसांनी पाहिलं, आणि कंपनीत ते कुणालाही कळलं नाही. एक रहीमचाचा सोडून.

चाचा चंद्रपूरचे, पावसाळ्यात शिलाई करायचे. डब्यातला मटणाच्या बोटीचा तुकडा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवणारा माणूस. ते माझ्याजवळ आले, हातावरची पावडर पुसत म्हणाले, "बेटी, हे काऊन केलं तुनं?" मी म्हटलं, चाचा, सवय आहे हो, हात गेला. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्यांचाही गेला होता ना. "सवय," म्हणाले, आणि मान हलवली. पुढच्या हंगामाला ते आले नाहीत. आता तर ते या जगात नाहीत.

हात गेला. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. कलावंताचा हात, सवयीचा गुलाम, क्षणाची चूक — ऐकायला बरं वाटतं ना? मलाही वाटतं. पण तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. मला वाटलं होतं विचाराल. त्या घरात सूप आलं कुठून?

त्या प्रवेशात ताट होतं. चूल होती, मडकी होती. सूप नव्हतं. सूप आमच्या गमतीच्या पेटीत असायचं, स्टेजच्या मागे; या नाटकात गंमत नव्हती, म्हणून पेटी दोरीने बांधलेलीच होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये मी ती दोरी सोडली. सूप काढलं. पदराखाली धरून आणलं आणि खांबाला टेकवून ठेवलं, माझ्या उजव्या हाताला. ठेवल्यावर एकदा हात लांबवून बघितलं, पोचतो का ते.

हे होतं सांगायचं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पण ते एवढंच असतं तर एखादे वेळी मी जगू शकले असते. त्या प्रयोगानंतर कौसाबाई कपड्यांच्या गाठोड्यावर बसली होती, तोंडावरचा रंग तसाच. तिने मला जवळ बोलावलं. माझा हात धरला आणि विचारलं, "निमे, तू तं मांगंच होती. तुनं काई केलं नाई ना वो?" इतकं सरळ विचारलं तिने. रागाने नाही. मी हो म्हटलं असतं तर तिने एक थोबाडीत दिली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि पुढच्या प्रयोगाला मला स्टेजवरून हाकलून तिने तेच काम असं केलं असतं की आज तिचं नाव तुम्हाला माहीत असतं. मी म्हटलं, नाही गं बाई, मी तर मान खाली घालून उभी होते.

तिने लगेच खरं मानलं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं मला. माझ्यावरचा संशय गेला आणि त्या जागी स्वतःचं तोंड आलं. "मंग माह्याच तोंडात खोट हाये," म्हणाली. "मी रडली का लोकाइले हासूच येते."

आणि पुढचं ऐका. ती स्वतः मालकाकडे गेली आणि म्हणाली, हे काम निमाले द्या, तिले जमते. मला घेऊन ती तालमीला बसली. खडे कसे निवडायचे ते शिकवलं — बघायचं ताटाकडे, पण दिसायचं नाही काही. भावाची गोष्ट सांगितली. चपलेचं वाक्य माझ्या तोंडात तिने घातलं, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं. फक्त शेवटचं रडणं मी घेतलं नाही. मला त्या रडण्याची भीती बसली होती. कोण जाणे माझ्या पाठीमागे कोण उभं असेल. मी नुसतं ताटाकडे बघत बसायची आणि पडदा पडायचा. लोक सुन्न व्हायचे. नागपूरहून आलेल्या कुणीतरी लिहिलं — काय हा संयम! त्या संयमावर मी नागपूरला गेले, मग मुंबईला, मालिका, मग सिनेमे. एका सिनेमात दिग्दर्शकाने विचारलं, इथे आई काय बोलेल? मी म्हटलं, पायात चप्पल होती का? तो उठून उभा राहिला. लोक विचारतात, हे कुठून सुचलं हो? मी सांगते, निरीक्षण.

कौसाबाईची मात्र कोंबड्याची गंमतही सुटली. नव्या जोडीदारणीबरोबर उभी राहिली, पण रडायची वेळ आली की तिचं तोंड उघडेना. मालकाने थोडे दिवस सांभाळलं, मग तीच गावाला निघून गेली. धानाच्या रोवण्याला जायची, धान कापायला जायची. दिवाळीला मला फोन करायची. माझं नवीन काही आलं की पोरीच्या मोबाइलवर बघायची आणि म्हणायची, "तू बरं केलं निमे, रडत नाई तू." मी म्हणायची, तुझंच आहे गं सगळं. ती हसायची. तिला ती माझी नम्रता वाटायची.

तिचा नवरा वारला तेव्हा मी शूटिंगवर होते. मागाहून कळलं, की प्रेत उठेपर्यंत ती तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. हूं नाही की चूं नाही. आमच्याकडे बाई रडली नाही तर लोक सोडतात का? दगड म्हणाले तिला. नाटकवाली म्हणाले. दीर-जावांनी बोलणं टाकलं. फोनवर मी विचारलं, बाई, मोकळी का नाही झालीस गं? ती म्हणाली, "मयतात लोकाइले हासू आलं असतं तं त्याच्या जीवाले कसं वाटलं असतं वो?"

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा नाही तर दुसऱ्या दिवशी. गाडी होती, ड्रायव्हर होता, वेळ होता. काय नव्हतं माझ्याजवळ?

मागच्या उन्हाळ्यात कौसाबाई गेली. पोटाचा आजार होता. आजाराचं कळवलं नव्हतं कुणी, गेल्यावर कळलं. मी दहाव्याला गेले. अंगणात मांडव घातलेला, बायका-पोरं मला बघायला जमलेली, दोघातिघांनी मोबाइल काढलेले. तिची पोरगी आता मोठी झालीये, ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकते. बुटकी, गोल, तेच गाल, तीच जिवणी. माझ्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली, आणि मला वाटलं, कौसाबाईच रडतेय. मग डोळे पुसून तिने मला बाजूला नेलं, गोठ्याच्या सावलीत, जिथे दुसरं कुणी नव्हतं. कुणी ऐकत नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय.

ती म्हणाली, "ताई, आईले मीनं कधी रडताना पाह्यलंच नाई. तिच्या रडण्याले लोकं हासले होते म्हणे एका नाटकात. तुमी होत्या ना तिथी? खरंच हासण्यासारखी रडली होती का जी ती?"

कौसाबाई गेली होती. मला आता कुणाची भीती नव्हती. थोबाडीत मारणारं कुणी उरलं नव्हतं. एक वाक्य होतं फक्त, आणि समोर तिची लेक उभी होती, तोंड वर करून, डोळे भरलेले.

मी म्हटलं, "हो गं. हसले लोक. तुझ्या आईचा चेहराच तसा होता, त्याला कोण काय करणार?"

ती म्हणाली, "माह्यंही तोंड तिच्यावरच गेलं म्हणतेत सारे."

तिने ओढणीने डोळे कोरडे केले. नाक पुसलं, गाल पुसले, ओठ घट्ट मिटले. मांडवात तिच्या मावशा रडत होत्या. त्यांच्या मधून ती खाली मान घालून आत गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. पुन्हा ती रडली नाही, मी निघेपर्यंत तरी नाही. मला तिने पहिला कप दिला, आणि मी तो प्यायले.